गेलीस तर सांगून जा

त्या संध्याकाळी भिंगरीनं एकदाही मान वर केली नाही.

तिची आई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मटार सोलत बसली होती. पातेलं अर्धं भरलं तेव्हा कुठे तिला जाणवलं, की घरात कसलासा आवाज यायचा राहिलाय. फ्रिज घुरघुरत होता. वरच्या मजल्यावर कुणी पलंग सरकवला. खाली रस्त्यावर एक गाडी पीं पीं करत मागे आली. सगळं जागच्या जागी होतं. पण पेन्सिल खाली पडली नव्हती. खुर्चीचा मोडका पाय कुरकुरला नव्हता. "आई, एक सांगू?" झालं नव्हतं, "आई, मुंग्यांना गुडघे असतात का गं?" झालं नव्हतं. नऊ वर्षांची पोर एकाखाली एक भागाकार मांडत चालली होती, आणि जन्मल्यापासून कधी स्वस्थ म्हणून न राहिलेले तिचे पाय खुर्चीखाली जोडीनं ठेवलेले होते, दुकानातल्या नव्या बुटांसारखे. भिंतीवरच्या घड्याळात चाळीस मिनिटं झाली होती. वर्षभरापूर्वी सलग चार झाली तरी आई मनातल्या मनात टाळ्या वाजवायची. आज चाळीस झाली आणि तिचा अंगठा शेंगेवरच थांबला.

दुपारीच वर्गाच्या बाईंचा निरोप आला होता. 'फारच सुधारणा आहे. वर्गात आता हूं की चूं नाही. तुमच्या कष्टांचं चीज झालं.' तिनं तो दोनदा वाचला होता आणि फोन पालथा घालून ठेवला होता. 'तुमच्या कष्टांचं.' ते शब्द तेव्हापासून तिच्या बुटात खडा शिरावा तसे टोचत राहिले. थांबून काढता येईना, चालता येईना.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. चालायला लागली तेव्हा ती सरळ अशी कुठे गेलीच नाही. दोन पावलं टाकायची, गिरकी घ्यायची, आणि गिरकी संपेल तिथं जे दिसेल त्याच्याकडे निघायची. "ही पोरगी आहे का भिंगरी?" असं तिचे बाबा हसत म्हणाले, आणि ते नाव चिकटलं. पुढे शाळेत गेल्यावर त्या नावातलं हसू हळूहळू उडून गेलं. पत्रं येऊ लागली. लक्ष नाही. खिडकीबाहेर बघते. प्रश्न विचारला तर दुसराच प्रश्न विचारते. घरी अभ्यासाला बसवलं की एका वजाबाकीत तीनदा पाणी प्यायला उठायची, दोनदा पेन्सिलीला टोक काढायची, आणि उरलेल्या वेळात पेन्सिलीच्या सालीची फुलं करून त्यांची लग्नं लावायची. आईनं ओरडून पाहिलं. शेजारी बसून प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून पाहिलं. टेबल भिंतीला लावून पाहिलं, तर भिंगरीला भिंतीच्या रंगाच्या पोपड्यात एक बेट सापडलं, आणि त्या बेटावर कोण राहतं याचा छडा लागेपर्यंत अभ्यास बंद.

मग तिला काका आठवले. ते नात्यातले कुणी नव्हेत. ती एका तपासणी केंद्रात सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचा वाचते. काका तिथले जुने तंत्रज्ञ, तिचे गुरूच म्हणायचे. आता पेशी यंत्रं मोजतात, पण यंत्राला शंका आली की काच अजून माणसाच्या डोळ्याखालीच येते. जांभळ्या रंगात माखलेल्या त्या काचेवर आडवंतिडवं फिरत शंभर पांढऱ्या पेशी ओळखायच्या आणि जिची तिची कळ दाबत जायचं. शंभर झाल्या की मोजणीचं डबडं टिंग करतं. पहिल्या आठवड्यात सत्तराच्या आसपास तिचं लक्ष उडायचं, मग ती लाजेनं लाल होऊन पुन्हा पहिल्यापासून मोजायची, आणि संध्याकाळी डोळे सुजायचे. काकांनी एकदा मागे उभं राहून ते पाहिलं. म्हणाले, "पोरी, लक्ष पाखरासारखं असतं. त्याला रागवलीस तर ते परत यायचंच नाही. काचेखालच्या पट्टीवर काच कुठवर सरकली ते सांगणारे दोन आकडे असतात बघ. उडालं ना, की ते आकडे कच्च्या कागदावर उतरवायचे. कुठून उडालं ते ठाऊक असलं, की तिथूनच पुन्हा सुरू करता येतं." चौदा वर्षं ती तेच करत आली होती. तिच्या कच्च्या कागदांवर किती आकडे, किती उडणी! आणि एकही अहवाल चुकला नव्हता.

म्हणून तिनं एक निळी वही आणली. भिंगरीला समोर बसवलं आणि म्हणाली, "हे बघ, तुझं मन कुठे गेलं तर मी आता रागवणार नाही. फक्त मला सांगायचं. मी लिहून घेईन. इथं ते नीट राहील, कुठे जाणार नाही. मग आपण भागाकाराकडे परत यायचं." भिंगरीनं डोळे बारीक केले. "आणि तिथलं काम अर्धं राहिलं असलं तर?" "तर उद्या वही उघडून पूर्ण करू." त्या दोघींचं एक गाणंच झालं, जुन्या दळणावरच्या चालीत आईनं सहज गुणगुणलेलं, कुठून आलं तिलाही कळलं नाही:

गेलीस तर जा बाई, सांगून जा,
येशील तेव्हा काही घेऊन ये.

आणि भिंगरी आणायची. ओंजळी भरभरून आणायची. 'लादीच्या नक्षीत एक उंट आहे, त्याला मागचे पाय नाहीत, तो चालतो कसा ते बघत होते.' 'बाबांचे बूट तोंड उघडं टाकून झोपतात.' 'आठ हा आकडा पोटात आवळून बांधलाय, त्याला श्वास कसा येत असेल.' 'लिफ्टमधून माणसं उतरतात पण त्यांचा वास उतरत नाही, तो वरखाली करत राहतो, त्याचं घर कोणत्या मजल्यावर?' आई भराभर लिहायची, हसू दाबायची आणि म्हणायची, "झालं? आलीस? चल, बहात्तर भागिले सहा." आणि नवल म्हणजे पोर यायची. चार मिनिटांची सात झाली, सातची अकरा. रात्रीची भांडी आवरताना आईला वाटायचं, जगातली सगळी माणसं आपल्याला फक्त दारातून भेटतात; ही एकटीच अशी, की मागच्या परसातून बोलावते. तपासणी केंद्रात काचेवर काच सरकवताना एखादं वाक्य आठवून ती एकटीच हसायची. शेजारची म्हणायची, "काय गं, पेशींनी विनोद सांगितला का?"

मग एक दिवस भिंगरी म्हणाली, "आता मला भराभर लिहिता येतं. मीच लिहीन. तू बघायचं नाहीस."

"का गं?"

"तू बघतेस तेव्हा मला छान छान ठिकाणीच जावं लागतं."

आईनं वही मिटून तिच्याकडे सरकवली. मग म्हणाली, "बरं. नाही बघणार."

"शपथ?"

"शपथ."

तिनं ती पाळली होती. तीन महिने वही टेबलाच्या खणात होती, आणि टेबल पुसताना तिचा हात खणाच्या कडीवर रेंगाळायचा, पण खण तिनं उघडला नव्हता. हे ती आता स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होती. जणू कुणीतरी तिच्यावर खटला भरला होता आणि तिच्याकडे साक्षीदार म्हणून तेवढा एक खणच होता.

शाळेतून बोलावणं आलं त्या सकाळी मात्र तिनं वही पिशवीत टाकली. दाखवायची नाहीच, नुसती जवळ असू दे, असं म्हणत टाकली. भिंगरीनं स्वतः लिहायला सुरुवात केली होती, त्या पानापासून शेवटापर्यंत तिनं न वाचता एक रबर बांधलं. बाईंसमोरच्या बुटक्या बाकावर गुडघे आवळून बसल्यावर तिला आपणच नापास झाल्यासारखं वाटू लागलं. बाई वाईट नव्हत्या. थकलेल्या होत्या, बोटांना शाई होती, आणि गळ्यातल्या चष्म्याच्या साखळीशी त्या सारख्या चाळा करत होत्या. "बघा, मुलगी गोड आहे," त्या म्हणाल्या, "पण आतमध्ये काही शिरतच नाही हो. पुढच्या वर्षी तिला मागच्या तुकडीत बसवावं असं आमचं चाललंय. तिला झेपेल असं." आत काही शिरत नाही! ती रोज शंभर शंभर पेशी मोजते, कोण रिकामं आणि कोण भरलेलं हे तिला कुणी शिकवायचं? तिनं वही काढली. पहिली पानं उलगडून बाईंसमोर धरली. "हे वाचा. आणि मग सांगा आत काय आहे नि काय नाही."

बाईंनी वाचलं. चष्मा लावून पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला, तरुण झाला. "उंटाचं बघा ना," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. आई जिंकली होती. त्या जिंकण्याची ऊब तिला अजून आठवत होती, आणि आज तीच सगळ्यांत जास्त भाजत होती. "दोन दिवस ठेवू का माझ्याकडे?" बाईंनी विचारलं. "ठेवा ना," ती म्हणाली. "फक्त रबराच्या अलीकडचं. पलीकडचं मीसुद्धा वाचलेलं नाही." "छे छे, माझ्याजवळच राहील," बाई म्हणाल्या, आणि त्या क्षणी त्यांच्या मनात तसंच असणार. रबर किती पातळ असतं!

वही चार दिवसांनी परत आली. भिंगरीनं दप्तरातून काढून टेबलावर ठेवली. रबर नव्हतं. "तुझी वही," ती म्हणाली. तुझी. आणि हात धुवायला गेली. आईनं शेवटची पानं उघडली. शपथ मोडायला आता काही उरलं नव्हतं. मोठ्या, उतरत जाणाऱ्या अक्षरांत लिहिलं होतं:

'आई बाथरूममध्ये जाते तेव्हा नळ मोठा सोडते. बाबांना वाटतं ती कपडे धुते. नळाच्या आत आईचा आवाज असतो. तो वेगळा काढता येतो. आधी नळ ऐकायचा. मग नळ विसरायचा. मग आई ऐकू येते. ती थांबेपर्यंत मला भागाकार येत नाही.'

खाली लाल शाईत: 'निरीक्षण उत्तम! शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.' दोन शब्दांभोवती लाल गोल होते.

ती खुर्चीवर बसली नाही, खुर्चीच तिच्याखाली आली. म्हणजे ही पोर उडून जात नव्हती तर. निदान रोज नाही. उंट, बूट, लिफ्ट, हे सगळं आईला दाखवायच्या बैठकीच्या खोलीतलं. आणि आतल्या खोलीत हे होतं. ती इथं बसून कान लावत होती. आई नळाआड उभी राहून स्वतःला धुवून काढायची, कशासाठी हे तिला तरी कुठे धड सांगता आलं असतं! दिवसाचा शीण, नवऱ्याचं घरात असूनही घरात नसणं, काहीतरी हरवल्याची आणि काय ते न आठवण्याची एक जुनी कळ. पाच मिनिटं. मग तोंडावर पाणी मारून ती बाहेर यायची आणि विचारायची, "काय, अजून पहिलंच गणित?" अजून पहिलंच गणित! आणि तिच्याकडे बघणारे ते दोन डोळे. पहिल्या झटक्यात तिला पोरीचाच राग आला, हे कबूल करायला हवं. माझी एवढीशी पाच मिनिटं, एक दार, एक नळ. तीही तू लिहून ठेवलीस? घरातच हेर बसवल्यासारखं तिला झालं. राग ओसरल्यावर खाली जे दिसलं त्याच्याकडे मात्र तिला बघवेना.

बाईंनी फोनवर खुशीत सांगितलं होतं. "निबंधाच्या तासाला वाचून दाखवलं हो मी. मुलांना इतकं आवडलं! नाव नाही घेतलं, पण कळलंच त्यांना." कळलंच. मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळाशी कुणीतरी तोटी सोडून हुं हुं करून दाखवलं असणार. हे भिंगरीनं सांगितलं नाही, पण मुलं कुठलीही असोत, हे केल्याशिवाय राहत नाहीत. नवऱ्याला त्याच्या कचेरीतल्या एकाकडून कळलं, त्याचा मुलगा त्याच वर्गात. तो बूट न काढता दारात उभा राहिला. "पोरांना माहीत, त्यांच्या आईबापांना माहीत," तो म्हणाला. "मला सगळ्यांत शेवटी."

"तू कधी विचारलंस?"

"नळ चालू असताना कसं विचारायचं, ते तरी सांग."

तो हसवायला बोलला की दुखवायला, तिला कळलं नाही. बहुधा त्यालाही कळलं नसावं. तेव्हापासून त्याला कचेरीत काहीबाही काम निघू लागलं.

पण हे सगळं परवडलं असतं. न परवडणारी गोष्ट दुसरीच होती. वही आली त्याच संध्याकाळी भिंगरीनं विचारलं होतं, अगदी साधेपणानं, दूध पिता पिता:

"वही तू दिलीस, की त्यांनी घेतली?"

आणि ती म्हणाली होती, "बाईंनी मागितली गं."

भिंगरीनं पेला खाली ठेवला. वरच्या ओठावर दुधाची मिशी. "मागितली म्हणजे त्यांना आधीच माहीत होती," ती म्हणाली. मग तिनं मिशी पुसली, पेला विसळून पालथा घातला, जो आजवर कधी आपणहून घातला नव्हता, आणि भागाकाराला बसली. त्या दिवशी वीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी तीस. निळी वही खणात गेली ती गेलीच.

आई मटाराच्या शेंगेवर अंगठा तसाच ठेवून मुलीकडे बघत राहिली. ही स्तब्धता तिला ओळखीची होती. बाहेरून नव्हे, आतून. ती स्वतः लहानपणी फार शहाणी मुलगी होती. पाहुणे म्हणायचे, हिची एकाग्रता बघा, शेजारी ढोल वाजला तरी मान वर करणार नाही. शेजारी ढोल नव्हते. पलीकडच्या खोलीत तिचे आईवडील दबक्या आवाजात एकमेकांना ओरबाडत असायचे, आणि तिनं शोध लावला होता, की डोळे पुस्तकात असले की कुणी आपल्याला काही विचारत नाही, आपली बाजू मागत नाही. अक्षरं म्हणजे विटा. एकावर एक रचत जायचं. पुढे त्याच विटांवर तिची परीक्षा उभी राहिली, नोकरी उभी राहिली. 'लक्ष' म्हणून सगळ्यांनी जिचं कौतुक केलं ती एक भिंत होती, आणि भिंतीआड कोण बसलंय हे कुणी विचारलं नव्हतं. या पोरीला भिंत नव्हती. हिला नुसती दारंच दारं होती. वर्षभर लोक म्हणत होते, दारं लावायला शिकवा हिला.

आज सकाळी काच वाचताना डबडं टिंग करून वाजलं आणि तिला एकही पेशी आठवेना. बोटं कळा दाबत गेली होती, शंभर भरले होते, आकडे समोर होते, दिसायला अगदी बरोबर. पण त्या शंभरांत ती कुठेच नव्हती. आणि कच्चा कागद कोरा होता. चौदा वर्षांत पहिल्यांदा कुठून उडालं तेच तिला ठाऊक नव्हतं. तिनं आकडे पुसले, काच पुन्हा पहिल्यापासून लावली.

"भिंगरे," तिनं आता हाक मारली.

"हं."

"कुठे होतीस?"

"इथंच."

"नाही, म्हणजे मन कुठे गेलं होतं?"

"कुठेच नाही." पेन्सिल चालूच होती. "बरोबर आहेत सगळे. तपास हवं तर."

तिनं गणिताची वही ओढून तपासली. सतरा गणितं, सतरा बरोबर. कुठे खाडाखोड नाही, समासात उंट नाही, आठाच्या पोटात श्वासासाठी ठेवलेली फट नाही. तिनं वही परत सरकवली. "छान," ती म्हणाली, आणि तो शब्द लाल शाईतला वाटला. "आणि ऐक ना. परवा मी एक काकडी चिरत होते, तर तिच्या आत मला..."

"आई, नंतर सांग ना. तीन राहिलेत."

तिची नजर बाथरूमच्या दाराकडे गेली. ती उठली नाही. तेवढी शक्ती नव्हती म्हणून, किंवा आता लपवण्यासारखं काय राहिलं होतं म्हणून. पहिला हुंदका तिनं गिळला, दुसरा गिळता आला नाही. टेबलावर, दिव्याखाली, मुलीपासून दोन हातांवर ती रडू लागली. मटारांच्या पातेल्यात टप टप पडत राहिलं. अशी उघड्यावर ती कधी रडली नव्हती. तिला वाटलं, आता मान वर होईल. आता पेन्सिल पडेल, खुर्ची कुरकुरेल, आणि एक दुधाळ वासाचा हात गालाला लागेल.

भिंगरीनं शून्य खाली घेतलं. रेघ मारली. मग मान खालीच ठेवून, कुणाला त्रास नको अशा हळू, समजूतदार आवाजात म्हणाली:

"आई, नळ सोड ना."

"काय?"

"आत जाऊन. नळ सोड. मला ऐकू येतं ना इथं."

ती उठली. आज्ञेत असल्यासारखी बाथरूममध्ये गेली, दार लावलं, नळ सोडला, मोठा. बादलीच्या तळाशी पाणी आपटून ओरडायला लागलं. आणि रडू गेलं. इतकी वर्षं इथं येऊन जे हुकमी यायचं ते आलंच नाही. आरशात एक बाई उभी होती, बोटांना मटाराच्या सालीची हिरवट ओल लागलेली.

आधी नळ ऐकायचा. तिनं ऐकला. पाण्याचा वरचा सूर, खालचा सूर, बादली भरत जाते तसा बदलणारा. मग नळ विसरायचा. हे अवघड होतं. पोरीनं हे एकटीनं, किती संध्याकाळी बसून साधलं असेल! तिनं डोळे मिटले. हळूहळू पाणी बाजूला झालं, पडदा सरावा तसं, आणि पलीकडून बारीक खरखर आली. पेन्सिल. एकसारखी, न अडखळणारी. एक रेघ, एक आकडा, एक रेघ.

तिनं तोंड नळाजवळ नेलं. आवाज चढवला नाही. पाण्यात मिसळेल एवढाच ठेवला. ज्याला वेगळा काढता येतो त्यालाच वेगळा काढता यावा एवढा.

"त्यांनी मागितली नव्हती," ती म्हणाली. "त्यांना ठाऊकच नव्हतं. मी नेली. मीच दिली."

बादली भरली आणि काठावरून पाणी वाहू लागलं. तिच्या पावलांना गार लागलं. नळाला हात न लावता ती तशीच उभी राहिली, कान दाराकडे.

पलीकडे पेन्सिल थांबली होती.